रोगी सोडून सगळ्यांना

त्सेवेगमिदांच्या घरात आजाराची बातमी सांगण्याचा एक नियम होता, आणि तो आजवर कोणी मोडला नव्हता. बातमी रोगी सोडून सगळ्यांना सांगायची. थोरले काका गोम्बो याच हिवाळ्याच्या तोंडाशी यकृताच्या गाठीने गेले, तेव्हा त्यांचा आजार त्यांच्या बायकोला, मुलांना, व्याह्यांना आणि तळमजल्यावरच्या दुकानदारालाही ठाऊक होता. काका मात्र शेवटपर्यंत आपल्याला पित्त झालंय असं समजून कोमट पाणी पीत राहिले. निदान तसं दाखवत तरी राहिले. त्यांना खरंच कळलं नव्हतं का, हे विचारायचं राहून गेलं. विचारणं म्हणजे सांगणंच झालं असतं.

म्हणून पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे मंगोल नववर्षाच्या, पहिल्या दिवशी, पहाटेच वडिलांकडे, त्सेवेगमिदांकडे, येऊन टेबलाच्या मधोमध मेंढीची उकडलेली अख्खी पाठ मांडताना, ओचिरच्या तोंडाला दोन कुलपं होती. एक सगळ्या घराने मिळून लावलेलं, दुसरं त्याचं एकट्याचं.

काकांचे दिवस झाल्यावर थोरला मुलगा या नात्याने त्यानेच सगळ्यांना रक्त द्यायला नेलं होतं. उलानबातरमध्ये काविळीचा विषाणू नसलेलं घर शोधायला निघालेला गृहस्थ संध्याकाळी तसाच परत येतो. बाबांच्या यकृतात बी आणि डी असे दोन विषाणू जुन्या भाडेकरूंसारखे ठाण मांडून होते. यकृत टणक आणि खडबडीत करून ठेवलं होतं, पण जागा सोडायला तयार नव्हते. धाकट्या बहिणीला, सोलोंगोला, बी आईकडून जन्मतःच मिळाला होता. अशा माणसांच्या रक्तात गाठीची चाहूल देणाऱ्या दोन खुणा शोधतात. पहिली आल्फा. ती शहरात सगळ्यांच्या परिचयाची. दुकानाच्या रांगेत लोक थंडीबद्दल बोलून झालं की एकमेकांची आल्फा विचारतात. दुसरीचं नाव इतकं लांब की प्रयोगशाळेतल्या बायकांनीच ते तोडून 'पिवका' केलेलं. तिला कोणी ओळखत नसे, त्यामुळे तिच्याबद्दल कोणी विचारतही नसे.

बाबांची आल्फा चार आली. दहाच्या आत असली की ठीक, त्यामुळे बाबांनी ती रेल्वेतल्या जुन्या पदकांच्या शेजारी लावायचीच काय ती बाकी ठेवली होती. सोलोंगोची अठ्ठावन्न आली.

"तरुण बाई आहे," डॉक्टर उयांगा फोनवर म्हणाल्या होत्या. "गरोदर नाही ना?"

"नाही हो. एकटी राहते ती."

"एकटी राहते हे त्याचं उत्तर नाही. विचारा तिला."

ओचिर बरं म्हणाला आणि त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने 'का' असं विचारलं असतं. त्याऐवजी त्याने नियमाप्रमाणे आईला, बाबांना, आपल्या बायकोला आणि मामाला सांगितलं, आणि एका खाजगी ठिकाणी उद्याचा सीटी स्कॅन ठरवून टाकला.

पण त्याच फोनवर डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. बाबांची पिवका सहाशे बारा होती. ती चाळीसच्या आत हवी.

"आल्फा चारच आहे की," ओचिर म्हणाला होता.

"काही गाठी आल्फा सोडतच नाहीत. त्या गप्प वाढतात. सोनोग्राफीत तुमच्या वडिलांचं यकृत इतकं खडबडीत दिसतं की लहानशी गाठ त्यात बसली तर दिसायची नाही. लहान असली तर काढता येईल. मोठी झाली की मग मी फक्त फोटो काढत बसेन. सणाच्या तिसऱ्या दिवशी मी कामावर आहे. उपाशीपोटी आणा."

आणि बाबा सणाच्या दुसऱ्याच दिवशी दाग्वा मामाच्या गाडीतून अर्खांगाईला निघणार होते. मेंढ्या विण्याचे दिवस आले की ते मामाच्या तळावर जात, ते हिरवं गवत वर आल्याखेरीज परतत नसत. तिथे फोन लागायला टेकडी चढावी लागे, आणि टेकडी चढण्याइतकं महत्त्वाचं बाबांना आजवर काही वाटलं नव्हतं.

हे दुसरं कुलूप. सणाच्या पहिल्या दिवशी आजाराचं नाव काढलं तर वर्षभर तेच निघतं, असं सगळे म्हणतात. ओचिर पूल बांधणारा इंजिनिअर होता आणि असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसला तरी तो बोलला मात्र नाही.

स्वयंपाकघरात मांस भरलेल्या बूझांची तिसरी चळत वाफेवर चढली होती. दाग्वा मामाने छातीशी धरून आणलेली एक बाटली खिडकीत ठेवली.

"अस्वलाचं पित्त. अस्सल. तांदळाएवढं चहात टाकायचं. तिला कळू द्यायचं नाही."

"मामा, चहा कडू होईल," ओचिर म्हणाला.

"दूध जास्त घाल."

"अस्वलाला तरी सांगितलं होतंत का कशासाठी घेतोय ते?"

"हळू बोला," आई म्हणाली. दुल्माबाईंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं; त्यांनी हळू बोला म्हटलं की पातेल्यातलं पाणीसुद्धा हळू उकळे. "पहिल्या दिवशी आजाराचं नाव नको."

"नाव कुठे काढलं? पित्त म्हणालो मी," मामा म्हणाला. "बरं, उद्याचं काय? काय सांगून नेणार तिला?"

"दात," आई म्हणाली.

"दातासाठी पोटाचा फोटो?"

"मग कंबर."

"कंबर चालेल," मामा म्हणाला. "आणि तिथे काही निघालं की सरळ कोरियात, सोलला. माझ्या मुलीची मैत्रीण तिथल्या दवाखान्यात दुभाषी आहे. वीस माणसं पाठवलीत तिने."

"परत किती आली?" ओचिरने विचारलं.

"तू फार हिशेबी झालायस," मामा म्हणाला.

बाहेर बाबा टेबलाशी बसून सोलोंगोच्या ताटलीत मेंढीच्या शेपटाच्या चरबीचा तिसरा काप ठेवत होते. ते कापही ते नेहमीपेक्षा हळुवारपणे कापत होते. ओचिरने ते दारातून पाहिलं. जो माणूस मुलीला निरोप द्यायची तयारी करत होता, त्याची स्वतःचीच गाडी उद्या सकाळी सुटणार होती.

सोलोंगो चरबी खात होती, कारण नाही म्हटलं तर सगळे एकमेकांकडे बघत.

गेले काही दिवस हे चाललं होतं. आईने जिना चढताना तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. मामा, जो तिला लहानपणापासून 'ए उंटा' म्हणत आला, तो आज 'बाळ' म्हणाला. दादाने तिच्या बुटांवरचा बर्फ झाडला. छत्तीस वर्षं या घरात धाकटी म्हणून काढल्यावर अचानक असं काही झालं की माणसाला एकच अर्थ लागतो. ह्यांना कळलंय.

कसं कळलं असेल याचा ती विचार करत होती. जाड देलच्या आत काही दिसण्याजोगं नव्हतं. मेंढीच्या कातड्याचं अस्तर लावलेल्या त्या अंगरख्यात घोडा लपवला तरी लोक म्हणतील, पोर जरा भरलीय. तुमेनने सांगितलं असेल? तुमेन गोबीतल्या कोळशाच्या खाणीवर ट्रक चालवत होता आणि कामाची पाळी संपली की सणाच्या शेवटी येऊन रीतसर मागणी घालणार होता. तो कशाला सांगेल?

लपवण्यात लाज अशी काही नव्हती. तीन वर्षांपूर्वी तिने तिसऱ्याच महिन्यात सगळ्यांना सांगितलं होतं. आईने दुपटी शिवायला घेतली होती. मग एका मंगळवारी वर्गात भूगोल शिकवताना, नकाशासमोर उभी असतानाच, सगळं संपलं. ती दुपटी कुठे गेली हे तिने कधी विचारलं नाही. या वेळी तिने ठरवलं होतं, पोर आतून लाथ मारेल तेव्हाच बोलायचं. लाथ अजून आली नव्हती. दर रात्री ती वाट बघत होती.

"अजून एक काप," बाबा म्हणाले.

"बाबा, मी फुटेन."

"खा गं. अंगी लागेल." त्यांचा आवाज जरासा चिरला. मग ते उगाच मेंढीच्या पाठीकडे बघत बसले.

तेवढ्यात दार उघडलं आणि थंडीचा एक ढग घेऊन खुलान आत आली. ओचिरची बायको. सातवा महिना, त्यामुळे ती ढगाच्या आधी आत आली असं म्हणायला हरकत नाही. तिने हातावर निळं रेशमी वस्त्र आडवं धरलं आणि वयाच्या क्रमाने सगळ्यांना भेटत निघाली. धाकट्याने आपले हात थोरल्याच्या हातांखाली घालून त्याला जणू तोलून धरायचं, थोरल्याने त्याच्या गालाचा वास घ्यायचा. बाबा झाले, आई झाली, मामा झाला. मग ती सोलोंगोसमोर आली, हात पुढे केले.

"ताई," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सोलोंगोचे हात देलच्या लांब बाह्यांमध्ये मागे गेले.

"आपण नको," ती म्हणाली.

खोलीत फक्त दूरदर्शनवरची कुस्ती बोलत राहिली. खुलानचे हात तसेच हवेत राहिले. मग तिने ते सावकाश खाली घेतले आणि ती रडायला लागली. मामाने डोळ्याला टोपी लावली. बाबा उठून खिडकीशी गेले आणि धुराखेरीज काही दिसत नसलेल्या शहराकडे बघू लागले.

"कळलंय तिला," मामा ओचिरच्या कानात म्हणाला. "आपल्या आजाराची सावली पोटातल्या पोरावर पडू नये म्हणून. किती मोठं मन."

दुल्माबाईंनी मात्र डोळे पुसले नाहीत. त्या मुलीच्या हातांकडे बघत होत्या. आजारी माणूस असा हात मागे घेत नाही. आजारी माणसाला उलट कोणीतरी धरावंसं वाटतं. आणि सोलोंगोच्याच जन्माच्या वर्षी, ह्याच महिन्यात, त्यांनी स्वतः आपल्या नणंदेपुढे असेच हात आत ओढले होते. दोन पोटुशा बायकांनी एकमेकींचे हात धरायचे नसतात. आतल्या मुलाची मुलगी होते नि मुलीचा मुलगा. हे पोटुशी नसलेल्या बाईला आठवायचं कारण नाही.

"सोलो," त्या म्हणाल्या, "बूझ संपत आलेत. बाल्कनीतून आणायला चल."

बाल्कनीत गोठलेले बूझ पोत्यात खडखडत होते. आईने मागून दार ओढून घेतलं.

"कितवा?"

"पाचवा लागला," सोलोंगो म्हणाली. "तुला माहीतच होतं ना? चार दिवस चरबी चारताय सगळे मिळून."

आईने बाल्कनीचं दार पुन्हा एकदा घट्ट ओढलं.

"ती चरबी दुसऱ्या कारणासाठी होती," ती म्हणाली.

"कोणत्या?"

नियम मोडायचा तर तो घरातल्या सर्वांत कडक माणसाने मोडावा, असं नशिबाने ठरवलं होतं. "तुझी आल्फा वाढलीय. अठ्ठावन्न."

सोलोंगोने पोतं सोडलं. तिचे दोन्ही हात पोटावर गेले. यकृत वरच्या बाजूला असतं हे भूगोलाच्या बाईलाही ठाऊक होतं, पण हात खालीच गेले. "माझ्या पोराला काही होईल?"

"ओचिर," आईने दार उघडून हाक मारली. आवाज अजिबात मोठा नव्हता, पण ओचिर धावत आला.

डॉक्टर उयांगांनी फोन उचलला तेव्हा त्यांच्याही घरात कोणीतरी गात होतं. ओचिरने फोनचा आवाज मोठा केला, म्हणजे तिघांनाही ऐकू येईल, आणि काय झालं ते एका दमात सांगितलं.

"अहो, मग ती बाळाची आल्फा," डॉक्टर म्हणाल्या. "गर्भाचं यकृत ती भरपूर बनवतं आणि ती आईच्या रक्तात उतरते. पाचव्या महिन्यात एवढी असणारच. मी तुम्हाला विचारलं नव्हतं का?"

"विचारलं होतंत."

"आणि तुम्ही तिच्या वतीने उत्तर दिलंत. सीटी रद्द करा, त्याची गरज नाही. साधी सोनोग्राफी करू. तिच्या अंगातल्या विषाणूवर लक्ष ठेवायला हवं, बाळाला जन्मताच लस टोचायची, म्हणजे पुढच्या पिढीला हा वारसा जाणार नाही. अभिनंदन सांगा तिला."

"ती ऐकतेय."

"मग बरं. आणि वडिलांना परवा उपाशीपोटी आणताय ना? ती पिवका सहाशेच्या वर आहे, तिला थांबून चालायचं नाही."

फोन बंद झाला. आईने ओचिरकडे पाहिलं, आणि आपला मुलगा चार दिवसांत किती वाळलाय हे तिला तेव्हा दिसलं.

"कोणाची सहाशे?"

ओचिरने सांगितलं. सांगताना त्याचे दात वाजत होते. ते थंडीने वाजतायत असं तिघांनीही मानून घेतलं.

आईने बाल्कनीचा कठडा धरला. उघड्या हाताने गोठलेलं लोखंड धरू नये हे ती दर हिवाळ्यात मुलांना बजावत असे. "आज नाही," ती म्हणाली. "आज पहिला दिवस. त्यांना आज हसू दे."

"उद्या सकाळी ते निघतायत, आई."

"मामाची गाडी बिघडवू. तशीही ती बिघडतेच."

"मामा ती तासाभरात दुरुस्त करतो. मी दुसरं योजलंय. गुडघ्यासाठी म्हणून दवाखान्यात नेतो."

"मला काय सांगून नेणार होतात?" सोलोंगोने विचारलं.

ओचिर बुटाकडे बघत म्हणाला, "कंबर."

"मला कंबर, बाबांना गुडघा, काकांना पित्त. अख्खं अंग वाटून घेतलंयत तुम्ही." ती हसत नव्हती. "चार दिवस तुम्ही मला मेलेलं माणूस असल्यासारखं चारलंत. एकाने जरी तोंड उघडून विचारलं असतं ना, तर तो सीटी तुम्ही ठरवलाच नसता. त्याचे किरण माझ्या पोराच्या अंगातून गेले असते, दादा."

"मी तुझ्या भल्यासाठी—"

"माहितेय. म्हणूनच भीती वाटते."

"सोलो, आज नको," आई म्हणाली. त्या गणिताच्या आवाजात नव्हे, नुसतीच. "मी पाया पडते."

सोलोंगोने आईचा हात कठड्यावरून सोडवला, तळव्याची लाल झालेली त्वचा आपल्या बाहीत गुंडाळली. "आई, तू सांगणार नाहीस हे बाबांना माहीत आहे. दादा सांगणार नाही हेही माहीत आहे. मग ते विचारणार कोणाला?" आणि ती आत गेली.

त्सेवेगमिद बाटलीतून पेला भरत होते. मुलीचा चेहरा बघून ते थांबले. मागून आलेल्या दोघांचे चेहरे बघून त्यांनी बाटली खाली ठेवली.

"बाबा, मी आजारी नाही," सोलोंगो म्हणाली. "मला मूल होणारेय. ती आल्फा त्याची."

खुलान रडत होती ती मध्येच हसायला लागली आणि दोन्ही एकदम चालू राहिलं. मामा म्हणाला, "तरी मी म्हणत होतो." तो काय म्हणत होता हे कोणी विचारलं नाही. बाबा उठून जवळ आले. मुलीच्या डोक्यावर नाक टेकवून उभे राहिले, आणि ती त्यांच्या छातीशीच पुढचं बोलली, कारण तोंडावर बघून तिलाही जमलं नसतं.

"आणि बाबा, तुमच्या रक्तात दुसरी खूण वाढलीय. डॉक्टरांना गाठीचा संशय आहे. परवा बोलावलंय. लहान असेल तर काढता येईल."

मामाने टोपी काढली. कुस्तीतल्या कोणीतरी कोणालातरी पाडलं आणि पडद्यावरची माणसं ओरडली. आई जाऊन दूरदर्शन बंद करून आली.

"मग चार कोणाची?" बाबांनी विचारलं.

"चार तुमचीच. पण तिला सगळं कळत नाही."

"माझ्यासारखंच म्हणजे." ते सावकाश खाली बसले. भावाच्या उशाशी बसून 'पित्तच आहे रे' म्हणणारे तेच होते, महिनाभर, रोज. घरात कोणालाही ते इतकं चांगलं जमत नव्हतं. "कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"आधी फक्त दादाला. आता आम्हाला."

"तळमजल्यावरच्या दुकानदाराला?"

"नाही."

"म्हणजे फार पुढे गेलेलं नसणार." त्यांनी हात पुढे केला. "ओचिर. फोन."

ओचिरने नंबर लावून दिला. बाबांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला, रेल्वेत धरत तसा.

"त्सेवेगमिद बोलतोय. माझं रक्त तुमच्याकडे आहे, आणि बातमी माझ्या मुलाकडे होती. आता मला सांगा." ते ऐकत राहिले. "नाही, रक्त पातळ करायची गोळी घेत नाही. ... व्होडका त्यात धरता का? ... धरता. बरं. ... मोकळं बोलायचं तर, उशीर झालाय का?" बराच वेळ ऐकलं. "म्हणजे तुम्हालाही फोटोनंतरच कळणार. ठीक आहे. निदान आपण दोघं एकाच वेळी कळून घेऊ. तिसऱ्या दिवशी, उपाशी."

त्यांनी फोन ओचिरपुढे धरला. ओचिर तो घ्यायचं विसरून उभाच होता. बापाच्या समोर, एक्केचाळीस वर्षांचा, खांदे हलत.

"रडू नकोस," बाबा म्हणाले. "आईने सांगितलंय पहिल्या दिवशी रडायचं नाही. दाग्वा, मेंढ्या या खेपेला तुझ्या तू बघ."

"मेंढ्यांचं काय," मामा म्हणाला, आणि हातातल्या टोपीच्या आत बघत राहिला.

तेव्हाच दार वाजलं. सणाच्या दिवशी दार कोणाची सोय बघत नाही. वरच्या मजल्यावरचा दोर्जसुरेन आला होता, रेल्वेत बाबांच्या हाताखाली पंचवीस वर्षं काढलेला, नवी टोपी घालून, निळं वस्त्र हातांवर धरून. आतली शांतता त्याने बघितली, पण पाहुण्याने बघायची नसते म्हणून न बघितल्यासारखं केलं. पुढे झाला, आपले हात बाबांच्या हातांखाली घातले आणि दर वर्षी विचारतो ते विचारलं.

"हिवाळा सुखात गेला ना, दादा? सुखात आहात ना?"

याचं उत्तर ठरलेलं आहे: सुखात. घरात मयत असलं तरी तेच द्यायचं.

"नाही," बाबा म्हणाले. "माझ्या यकृतात गाठ असावी असं म्हणतात. परवा बघायला जातोय."

दुल्माबाईंनी डोळे मिटून घेतले. दोर्जसुरेन हात तसेच धरून उभा राहिला. त्या प्रश्नाच्या पुढचं वाक्य त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने ओचिरकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. रीतसर ही बातमी त्याला त्यांच्याकडून, जिन्यात, दबक्या आवाजात मिळायला हवी होती.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"मुलीने."

दोर्जसुरेनने सोलोंगोकडे बराच वेळ बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावरून सणाचं हसू हळूहळू उतरलं.

"दादा," तो म्हणाला, "आमच्याकडे आठवडाभर सगळे माझ्याशी फार गोड वागतायत."

त्सेवेगमिदांनी त्याचे हात सोडले नाहीत.

"बस," ते म्हणाले. "सोलो, ह्याच्या घरी फोन लाव."